घशाला घमेलं

पौषातली सकाळ होती. हिंगोलीचा बाजार नुकता उघडत होता आणि मी लतीफचाचांच्या दुकानात उकिडवी बसून घमेली वितीनं मोजत होते. एक वीत... दोन... अडीच. अडीचनं भागणार नव्हतं. घरचं घमेलं अडीच वितींचंच होतं आणि नाना पाच दिवस त्यात अडकून बसत होते.

"चाचा, तीन वितींचं द्या," मी म्हटलं. "आन् काठ गोल पायजे. टोचणारा नको."

"काठ टोचला तर काय होतो?" मागून कुणीतरी विचारलं.

मी वळून पाहिलं. एक उंच, सावळा तरुण उभा होता. करडा कोट, डोक्याला टोपी नाही, हातात एक छोटं पातेलं. केस थोडे विस्कटलेले... डोळे मात्र भलतेच चौकस. मी पदर सावरला आणि पुन्हा घमेल्याकडे पाहिलं.

"एवढा मोठा घमेला कशाला? घरात लग्न आहे?"

"घमेला न्हाई, घमेलं," मी म्हटलं. अशुद्ध बोललेलं ऐकलं की मला राहवत नाही, शेवटी मास्तराची लेक! "आन् लग्न न्हाई. घरात आजारी माणूस हाय."

"आजारी माणूस घमेलं खातो?"

लतीफचाचा मिशीत हसले. मला हसू आलं ते मी दाबलं, कारण घरची गोष्ट हसण्यासारखी नव्हती. "माझे वडील त्यात... म्हंजे त्यांना त्यात..." पुढचा शब्द परक्या पुरुषासमोर काही केल्या तोंडातून निघेना. "डाक्टरनंच सांगितलंय. कोमट पाणी, मीठ, आन् दिवसातून चारदा."

"अच्छा, अच्छा." तो एकदम गंभीर झाला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मूळव्याध?"

"न्हाई. घसा."

"घसा?" तो माझ्याकडे पाहतच राहिला. "घशाला घमेलं? असा इलाज कोणत्या गाढवानं सांगितला?"

"गाढव काहून? चांगला शिकलेला डाक्टर हाय. पेठेत नवा दवाखाना टाकलाय त्यानं. हैदराबादचा हाय म्हणे."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. पातेलं त्यानं हळूच फळीवर ठेवलं.

"तुमचे वडील... संतराम मास्तर? सोबत एक बाई आल्या होत्या, खूप बोलत होत्या?"

"माझी आत्या. तुमाला कसं ठावं?"

"तो गाढव मीच आहे," तो म्हणाला.

आता माझीच पंचाईत! पाठीमागं गाढव म्हणणं वेगळं आणि त्यानं स्वतःच ते कबूल करणं वेगळं. मी उभी राहिले. त्यानं कपाळावर हात ठेवला, आठवून आठवून बोलू लागला. "पण मी तर साधं सांगितलं होतं. कोमट पाण्यात मीठ टाका, आणि दिवसातून चार वेळा कुल्ला करा."

भर बाजारात! माझे कान तापले. "अवो, जरा हळू बोला की! बाजारात बोलायचा शब्द हाय का तो?"

"कोणता? कुल्ला?"

"पुन्हा!"

तेवढ्यात लतीफचाचा हातातलं भांडं खाली ठेवून खाली बसले. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अरे डाक्टरसाब... अपना कुल्ला मुंह में रहता," त्यांनी गाल फुगवून चूळ भरल्यासारखं केलं, "और इनका कुल्ला..." आणि त्यांनी आपल्याच कमरेखाली, मागच्या अंगाला थाप मारली, "इनका यहां रहता!"

डॉक्टरांनी चाचांकडे पाहिलं, घमेल्याकडे पाहिलं. मग त्यांना ते सगळं दिसलं असावं. घमेलं, मीठ, नाना... त्यांचे ओठ थरथरले आणि हसू फुटलंच. मीही हसले असते हो. पण पाच दिवस ते पाणी तापवून देणारी मीच होते. माझे डोळे भरून आले.

"पाच दिवस झाले," मी म्हटलं. "माझे नाना पाच दिवस मिठाच्या पाण्यात बसून राहिलेत. आन् घसा रोज जास्तच सुजून राहिला."

ते तात्काळ थांबले. "तोंड किती उघडतं?"

"दोन बोटं बी न्हाई. परवापासून पाणी उतरंना. कालपासून थुंकी बी गिळता येईना. बोलणं तर बंदच."

"चला," ते म्हणाले. पातेलं तिथंच राहिलं. घमेलं मात्र त्यांनी स्वतः उचललं आणि माझ्या पुढं झपाझप चालू लागले. घर कुठं आहे हे ठाऊक नसतानाही.

आमचे नाना म्हणजे सोनाराच्या घरात जन्मून हातोडीऐवजी कोश धरलेला माणूस. सरकारी शाळेत सगळं उर्दूत चालायचं, म्हणून नानांनी आमच्या ओसरीवर मराठी शाळा काढली होती. पाढे, मोडी, थोडं संस्कृत. शब्द मात्र ते गुंजेनं तोलायचे. त्या शाळेला ना बाक ना घंटा, सगळी शाळा नानांच्या आवाजावर चालायची. आणि तोच आवाज पाच दिवस गप्प होता. काही सांगायचं झालं की पाटीवर लिहायचे.

उर्दूशी नानांचं वाकडं. चाळीस वर्षं निजामाच्या राज्यात राहून एक शब्द शिकले नाहीत, अगदी हट्टानं. त्यामुळं 'कुल्ला' त्यांनी मराठीतच ऐकला. मराठीत तो जिथं असतो तिथंच त्यांना दिसला. डॉक्टरचं मराठी कच्चं, 'पाण्यात ठेवा' म्हणायच्या ऐवजी 'करा' म्हणाला असेल, एवढीच त्यांनी दुरुस्ती केली. पाटीवर मला लिहून दाखवलं होतं, 'घशातील उष्णता अधोमार्गे ओढण्याचा उपाय दिसतो. मुलगा हुशार आहे.' शब्दांचा एवढा मोठा जाणकार म्हटल्यावर आम्ही काय बोलणार?

आम्ही पोचलो तेव्हा नाना मागच्या पडवीत पडद्याआड त्या अडीच वितींच्या घमेल्यात बसलेले. कमरेला धोतर गुंडाळलेलं, डोक्याला कानटोपी, मांडीवर पाटी, मुद्रा अगदी गंभीर. डॉक्टरांनी पडदा सारला... आणि घात झाला. ते हसले. फार नाही, नाकातून निसटलं तेवढंच. पण नानांनी ते पाहिलं.

नानांनी पाटी उचलली. 'हसण्यासारखे काय आहे?'

मी खाली मान घालून सगळं सांगितलं. नानांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. माझ्या हाताला धरून ते उठले, आत जाऊन कोरडे झाले आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले. डॉक्टरांनी कसंबसं त्यांचं तोंड उघडून आत पाहिलं आणि मला बाजूला घेतलं.

"आत गळू झालंय. आजच कापावं लागेल. वाढलं तर श्वास अडेल. आणि..." ते अडखळले, "आवाजाचंही सांगता येत नाही."

नानांनी ऐकलं होतं. पाटीवर खडू कर्रकन ओढला गेला. 'हसणाऱ्याच्या हाती गळा देणार नाही.'

"नाना, असं काहून करता?" मी त्यांच्या पायांशी बसले. त्यांनी मान फिरवली. दुसरा डॉक्टर परभणीला आणि गाडी उद्याची. मला रडू आवरेना.

 डॉक्टरांनी बूट काढले. मग शांतपणे पडवीत गेले आणि करड्या कोटासकट, विजारीसकट त्या घमेल्यातल्या, एव्हाना गार पडलेल्या पाण्यात बसले. पाणी दोन्ही बाजूंनी भसकन बाहेर आलं.

आत्या स्वयंपाकघरातून धावत आली. शकुआत्याला अर्ध्याच गोष्टी ठाऊक असायच्या, पण बोलायची पूर्ण. "अगं बाई! ह्या लेकराला बी घसा झाला की काय?"

"मास्तर," डॉक्टर तिथूनच म्हणाले, त्यांचे दात वाजत होते, "चूक माझी आहे. मी विचारायला पाहिजे होतं, समजलं का म्हणून. विचारलं नाही. वरून हसलो. आता तुम्ही हसा, पाहिजे तितकं हसा. पण गळा दाखवा."

नानांनी मान वळवून पाहिलं.  त्यांचे खांदे हलू लागले, एकदा, दोनदा... हसताना दुखलं म्हणून त्यांनी गळ्याला हात लावला. मग पाटी पुसली. 'उठा. सर्दी होईल.'

पुढचं सगळं उजेडातच झालं. डॉक्टरांची पेटी दवाखान्यातून आणवली. नानांना अंगणात खुर्चीवर बसवलं. मला आरसा धरायला सांगितला, उन्हाची तिरीप बरोबर नानांच्या घशात पडावी असा. पण ती तिरीप नानांच्या कपाळावर, नाकावर नाचत होती. डॉक्टरांनी माझ्या मनगटाला दोन बोटं लावली. जोर असा नव्हताच, फक्त बोटं.

"इथं," ते हळूच म्हणाले. "असंच. माझ्याकडे नका पाहू, घशाकडे पाहा."

"मी कुटं तुमच्याकडं पाहून राहिले?" मी म्हटलं. पाहत होते, खोटं कशाला बोलू.

डॉक्टरांनी आत सुरी टेकवली, एक क्षणच लागला. नाना गुरगुरले, पुढं वाकले आणि त्या नव्या तीन वितींच्या घमेल्यात थुंकले. सगळी घाण बाहेर पडली. मग त्यांनी हातानं पाणी मागितलं. मी पेला दिला. एक घोट... त्यांचा गळा हलला. दुसरा घोट... तिसरा. त्यांनी डोळे मिटून असा श्वास सोडला की माझ्याच छातीवरचा दगड उतरला. मी आरसा खाली ठेवला आणि तिथंच मातीत बसून रडले. आनंदानं रडू येतं हे मी ऐकलं होतं, ते त्या दिवशी पाहिलं.

आठ दिवस नानांनी बोलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आणि स्वतः रोज यायला लागले. घसा पाहायला दोन मिनिटं पुरायची. पण आमच्या ओसरीवर बसल्यावर डॉक्टरांना काही घाई नसायची.

"मराठीत मी काय म्हणायला पाहिजे होतं?" त्यांनी एकदा विचारलं.

"गुळण्या करा, म्हणायचं."

"गुळण्या." त्यांनी तो शब्द घोळवला. "गोड शब्द आहे. गूळ आहे त्यात."

"गुळाचा आन् त्याचा काही संबंध न्हाई."

"मग तुम्ही बोललात तेव्हा गोड का लागला?"

मी निवडत होते ती तूर सुपातून सांडली. आतून आत्या ओरडली, "काय सांडलं गं?"

"काही न्हाई, आत्या!"

"आणि तो दुसरा शब्द," ते डोळे बारीक करून म्हणाले, "त्याचा अर्थ तुम्ही अजून सांगितला नाही."

"चाचांनी दाखवला न्हाई का?"

"त्यांनी दाखवला. तुम्ही नुसता म्हणून दाखवा."

"मेले तरी न्हाई!"

आत्यानं त्यांची सगळी चौकशी काढली होती. आजोबा मूळचे कळमनुरीचे, आपल्याच जातीतले, चारमिनारजवळ दागिने घडवायला गेले ते तिकडचेच झाले. नातवाला वैद्यकी शिकवली. नातवानंच हट्ट धरला, आजोबांच्या मुलखात जाऊन दवाखाना टाकीन म्हणून. "सोन्यासारखं पोरगं हाय," आत्या म्हणायची. "बोलतं तेवढं वाकडंतिकडं. त्याला काही इलाज न्हाई."

"इलाज आहे ना, आत्याबाई," ते ओसरीवरून म्हणाले. "रोज एक तास तुमची भाची."

आत्या पदरात तोंड लपवून आत पळाली. मी कुठं पळणार होते?

आठ दिवस झाले. घसा स्वच्छ झाला, सूज उतरली. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, आता बोला." नानांनी मान हलवली... आणि बोलले नाहीत. नववा दिवस गेला, दहावा गेला. नाना लाकडी पेटीतले जुने कोश काढून त्यात डोकं घालून बसत. जेवायला हाक मारली तर हातानंच 'आलो' म्हणत. पाटीवरही काही लिहीत नव्हते. ओसरीवरची शाळा बंदच होती. गावात नानांचं नाव 'घमेलं मास्तर' पडलं होतं. आत्यानं पाणवठ्यावर तोंड उघडलं होतं, दुसरं काय! ते नाव नानांच्या कानावर गेलं असेल का? का खरंच आवाज गेला होता? 

अकराव्या दिवशी मी कयाधूवर धुणं धुवत होते. डॉक्टर काठावर येऊन उभे राहिले. पाण्यावर धुकं होतं, आणि त्यांचा चेहरा झोप न झाल्यासारखा दिसत होता.

"मी कापताना चुकलो नाही," ते म्हणाले. "शंभर वेळा आठवून पाहिलं. पण ते बोलत का नाहीत, मला समजत नाही."

"तुमी कुल... त्या पाण्याचं नीट सांगितलं असतं, तर गळू झालं नसतं का?"

"झालंही असतं. खरं सांगतो, ते कुणालाच सांगता येत नाही." ते थोडं थांबले. "द्वारका... मला तुम्हाला एक विचारायचं आहे. रोज येतो आणि विचारता येत नाही."

माझ्या हातातलं लुगडं पाण्यात सरकलं. मी ते धरलं, पिळलं, पुन्हा पिळलं. काय विचारायचं होतं ते मला ठाऊक होतं, आणि उत्तरही ठाऊक होतं. मला ते आवडत होते. पहिल्याच दिवशी थंड पाण्यात बसले तेव्हापासून. पण एका शब्दापायी माझ्या वडिलांचा आवाज गेला असेल, तर त्याच माणसाच्या घरात मी हसून कशी नांदणार होते?

"विचारू नका," मी म्हटलं. "आधी नानांचा आवाज येऊ द्या. त्याबिगर मी काही सांगणार न्हाई."

"आणि आला नाही तर?"

मी लुगडं पुन्हा पाण्यात बुडवलं. ते निघून गेले. मी ते लुगडं तिसऱ्यांदा पिळलं.

दुसऱ्या दिवशी ते सकाळीच आले. पेटी आणली नव्हती. कोट मात्र इस्त्रीचा होता. नाना ओसरीवर कोशांच्या ढिगात बसले होते. मी दाराआड, आत्या माझ्या मागं.

"मास्तर," डॉक्टर उभ्या उभ्याच म्हणाले, "मी दोन गोष्टी मागायला आलो. एक, माफी. पुन्हा एकदा. दुसरी... दुसरी मोठी आहे. तुमची द्वारका. मला तिच्याशी लग्न करायचं आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मी—"

नानांनी हात वर केला.  मी दाराची चौकट घट्ट धरली. नानांनी पाटी उचलली, तिच्याकडे पाहिलं आणि बाजूला ठेवली.

"कुला," नाना म्हणाले.

आत्यानं कानांवर हात ठेवले. मी तोंडावर. आवाज जरा घोगरा होता, पण नानांचाच होता... तोच, ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा!  देवा, किती दिवसांनी ऐकला मी तो.

"बारा दिवस ह्या शब्दाच्या मागं आहे मी," नाना म्हणाले. "ज्यानं मला पाण्यात बसवलं, त्याचं मूळ शोधल्याशिवाय तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं. काल सांजच्याला सापडलं."

"म्हणून बोलत नव्हतात?" डॉक्टर खाली बसले.  "नाराजी नव्हती? आवाज होता?"

"आवाजाला काय झालंय? मधे बोलू नका." नानांनी कोशात बोट ठेवलं. "संस्कृतात कूल. कूल म्हणजे उतार. नदीचा उतरता काठ, तेही कूल. आणि फौजेची पिछाडी, तिलाही कूल म्हणतात. त्यातूनच आपला कुला आला असावा, असं माझं मत. उतार आहे, पिछाडी आहे, काय चुकलं? उगीच लाजतात लोक. चांगल्या घराण्यातला शब्द आहे."

"अवो नाना..." आत्या कळवळून म्हणाली.

"गप, शके. आणि तुमचा तो तोंडातला कुल्ला," ते डॉक्टरांकडे वळले, "तो कवलातला. कवल म्हणजे तोंडात मावेल एवढा घास, एवढं पाणी. दोघांचं नातंगोतं काही नाही. दोन गावचे दोन शब्द वाटेत भेटले, आणि मधे मी बसलो."

डॉक्टरांना हसायचं होतं. त्यांनी आधी नानांकडे पाहिलं. नाना हसत होते. मग ओसरी दणाणली. मला हसू येत होतं की रडू, ते मलाच कळेना. नुसतं हलकं, हलकं वाटत होतं.

"हां, तर शब्द अजून संपला नाही," नाना डोळे पुसत म्हणाले. "त्या कूलातूनच आणखी एक निघतो. काठाच्या उलट जाणारं ते प्रतिकूल. आणि काठाला धरून, सोबतीनं जाणारं, ते... सांगा पाहू?"

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांना येत नव्हतं. मला येत होतं, पण मी दाराआड होते.

"अनुकूल," नाना म्हणाले. "तुम्ही मघाशी काय विचारलंत? मी अनुकूल आहे. आता तिला विचारा. द्वारके, बाहेर ये. दाराआडून उत्तर चालत नाही माझ्या शाळेत."

मी बाहेर आले. डॉक्टर उभे राहिले. कोटाची गुंडी उगाच लावत, काढत... नजर माझ्यावर.

"मी पण," मी म्हटलं.

"मी पण काय?" नाना म्हणाले. "पूर्ण शब्द."

"अनुकूल," मी म्हटलं, अगदी मोठ्यानं. शेजारीपाजारी ऐकू गेलं असेल तर जाऊ दे.

नाना डॉक्टरांकडे वळले. "अर्थ समजला ना? की विचारायचंय? या वेळी नीट विचारून घ्या बरं."

"समजला, नाना," ते म्हणाले. त्या दिवसापर्यंत ते त्यांना मास्तरच म्हणत होते.